कोल्हापुरात राहायला येताय? खोली, खानावळ आणि खाण्याचे वार

कोल्हापुरात नव्यानं आलेला माणूस पहिल्यांदा खाण्याचंच विचारतो. तांबडा-पांढरा रस्सा कुठला चांगला, मिसळ कुणाची खरी? नावं बहुतेकांना पाठ असतात, मोबाईलवर यादी तयार असते. तरीही पहिल्या महिन्यात बरेच जण वैतागलेले भेटतात. कारण या शहरात खाण्याला वेळ आहे आणि वारही आहे. दुपारी तीनला मिसळ शोधत फिरलात किंवा रविवारी रात्री मेसच्या भरवशावर राहिलात की पंचाईत. खोलीचंही तसंच. मार्चमध्ये कोरडी ठणठणीत दिसणारी गल्ली जुलैत कशी असते, हे मार्चमध्येच विचारून घ्यावं लागतं.

मी नोकरीसाठी इथं आले आणि इथलीच झाले. दरवर्षी जूनमध्ये आमच्या ऑफिसात नवी मुलं-मुली रुजू होतात. त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिलंय.

सोबत काय आणाल

- आधार आणि पॅन, दोन्हीच्या चार-पाच झेरॉक्स
- पासपोर्ट आकाराचे फोटो
- नोकरीवाल्यांनी नेमणुकीचं पत्र, विद्यार्थ्यांनी बोनाफाईड
- कायमच्या पत्त्याचा एखादा पुरावा
- आधारला जोडलेला मोबाईल नंबर चालू स्थितीत (करार नोंदवताना अडतं ते इथंच)
- झाकणाचा डबा आणि एक तांब्या किंवा किटली. का, ते पुढं येईलच.

१. उतरायचं कुठं, पत्ता सांगायचा कसा

एसटीनं आलात तर मध्यवर्ती बसस्थानक, म्हणजे सीबीएस. रेल्वेनं आलात तर छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. दोन्ही एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. घोळ होतो तो रात्रीच्या खासगी बसचा. बंगळूरकडं जाणाऱ्या बऱ्याच गाड्या गावात शिरत नाहीत, हायवेला तावडे हॉटेलपाशी सोडतात. तिकीट काढतानाच "गावात येते का तावडे हॉटेलला सोडता?" असं विचारा. पहाटे चारला सामान घेऊन हायवेला उभं राहण्यापेक्षा हे बरं.

पत्ता सांगताना चौक, तिकटी (तीन रस्ते मिळतात ती जागा) किंवा तालीम (पेठेचा आखाडा) सांगा. बिंदू चौक, मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर एवढं म्हटलं की रिक्षावाले मामा बरोबर नेतात. एक मात्र लक्षात ठेवा: राजारामपुरी आणि शाहूपुरी, दोन्हीकडं गल्ल्या नंबरानं ओळखल्या जातात. नुसतं "तिसऱ्या गल्लीत सोडा" म्हणालात तर भलत्याच तिसऱ्या गल्लीत उतराल.

२. भाग कामाच्या जागेवरून ठरवा

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ या जुन्या पेठांत राहण्याची मजा वेगळीच. दारात दूध, कोपऱ्यावर चहा, पाच मिनिटांवर अंबाबाईचं मंदिर आणि चोवीस तास माणसांचा राबता. पण खोल्या लहान, गाडी लावायला जागा नाही आणि शांतता हवी असेल तर ती इथं मागू नका. विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना राजारामपुरी, सायबर चौकाचा परिसर सोयीचा. तिथं मेसही भरपूर. कुटुंब घेऊन येणाऱ्यांना ताराबाई पार्क, रुईकर कॉलनी किंवा कळंब्याकडचा भाग मोकळा वाटतो.

गोकुळ शिरगाव आणि शिरोली या दोन एमआयडीसींत काम करणाऱ्यांनी आधी नकाशा बघावा. दोन्ही अगदी वेगवेगळ्या दिशांना आहेत. शिरोलीला जायला पंचगंगा नदी ओलांडावी लागते आणि मोठ्या पुरात तो हायवे बंद पडतो.

३. खोली बघताना पाण्याचे दोन प्रश्न

पहिला प्रश्न पुराच्या पाण्याचा. "२०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं?" हा प्रश्न मालकाला विचाराच, पण तेवढ्यावर थांबू नका. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा, इस्त्रीवाल्याला विचारा. माझ्या एका सहकाऱ्याला तळमजल्याची खोली दाखवताना मालक छातीठोकपणे म्हणाले होते, "हितं कवा पाणी येत न्हाई." गल्लीतल्या पानपट्टीवाल्यानं खांबावरची खूण बोटानं दाखवली, ती त्याच्या खांद्याच्या वर होती. सहकाऱ्यानं ती खोली घेतली नाही.

सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर, दुधाळी, रमणमळा या भागांत पाणी शिरल्याचं गावात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तिथं राहूच नये असं नाही. पहिला-दुसरा मजला घ्या आणि पावसाळ्यात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची सवय लावा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. जुलै-ऑगस्टमध्ये इथला लहान पोरगाही "आज किती फूट?" असं विचारतो. तुम्हीही विचारायला लागा.

दुसरा प्रश्न नळाच्या पाण्याचा: किती वाजता येतं, किती वेळ येतं, टाकी सामाईक आहे का? सकाळी सातला घर सोडणाऱ्याला साडेआठला पाणी येणारी खोली काय कामाची? आणि २०१९, २०२१ च्या पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली गेली, मग बाहेर धो धो पाऊस आणि नळ कोरडा अशी वेळ आली. जुलै लागला की पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन भरून ठेवा.

४. करार कागदावर नको, नोंदणीवर घ्या

"अकरा महिन्यांचा आहे, नोटरी केली की झालं" हे वाक्य तुम्हाला हमखास ऐकू येईल. ते खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाड्यानं देण्याचा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारीही कायद्यानं मालकावर टाकली आहे. हे काम आता ऑनलाईन होतं. दोघांचे आधार, अंगठ्याचे ठसे, फोटो आणि दोन साक्षीदार लागतात. घरी येऊन करून देणारे एजंटही मिळतात. त्यांचा खर्च कोण देणार हे आधीच बोलून घ्या. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायची असते, तेही त्याच वेळी उरकून टाका.

डिपॉझिट दिल्याची पावती घ्या. रोख दिलंत तर करारात आकडा लिहिलाय का ते बघा. वीज मीटर स्वतंत्र आहे का सामाईक आणि सामाईक असेल तर बिल कसं वाटणार, हेही विचारून घ्या. खोली घेतल्यावर यावरून वाद होतात.

५. खानावळ गुरुवारी तपासा

राजर्षी शाहू महाराजांच्या काळात इथं बाहेरगावच्या मुलांसाठी जातीजातींची वसतिगृहं उभी राहिली. तेव्हापासून हे शहर परगावच्या पोरांना जेवू घालत आलंय. घरगुती खानावळी आजही गल्लोगल्ली आहेत. पाटी नसते, विचारत जावं लागतं. शेजारच्या मेडिकलमध्ये विचारा, रात्रपाळीच्या नर्सना विचारा. त्यांना चांगली काकू नक्की माहीत असते.

महिन्याचे पैसे भरण्याआधी एक जेवण पाहुणा म्हणून जेवा. आणि ते रविवारी नको. रविवारी सगळ्याच खानावळींचं जेवण झकास असतं. गुरुवारी संध्याकाळी जा. त्या दिवशी मटण नाही, गोडधोड नाही, गर्दी बेताची. आमटीला चव आहे का, भाकरी गरम आहे का, भाजी सकाळचीच पुन्हा गरम केलीय का, हे गुरुवारीच कळतं.

मग हे विचारा:

- खाडे कसे धरता? काही ठिकाणी सलग काही दिवस सुट्टी घेतली तरच पैसे वळते होतात, तेही आदल्या दिवशी सांगितलं असेल तर.
- रविवारी संध्याकाळी चालू असतं का? बहुतेक ठिकाणी बंद असतं.
- मटण-चिकनचे वार कुठले? सहसा बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत पाळतात आणि श्रावणात तर महिनाभर शाकाहारी.
- शाकाहारींना मांसाहाराच्या दिवशी काय देता? काही ठिकाणी मनापासून वेगळी भाजी करतात, काही ठिकाणी वाटीभर दही देऊन मोकळे होतात.
- भाकरी का चपाती? ज्वारीची भाकरी मिळत असेल तर तीच सांगा.

डबा लावणार असाल तर तो किती वाजता निघतो ते विचारा. अकराला भरलेला डबा दीडला उघडला की भाकरीचं पापड झालेलं असतं.

६. मिसळ: सकाळी जा, कट मागून घ्या

मिसळ हा इथला नाश्ता आहे. नावाजलेल्या ठिकाणी दुपार झाली की पातेलं रिकामं. शिवाजी उद्यमनगरातली फडतारे, खासबाग मैदानाजवळची खासबाग मिसळ, कसबा बावड्यातली बावडा मिसळ ही नावं तुम्ही ऐकलेलीच असणार. रविवारी सकाळी तिथं रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. मंगळवारी-बुधवारी आठाच्या सुमारास गेलात तर निवांत बसून खाता येते.

वाढपाचा हात एकदा नीट बघा. तळाला मटकी, वर बटाट्याची भाजी, मूठभर फरसाण आणि शेव, चिरलेला कांदा, कोथिंबीर. मग पळी पातेल्यात बुडवण्याआधी वरचा तवंग हलकेच बाजूला सारायचा का सगळा घ्यायचा, हे तो तुमच्या तोंडाकडं बघून ठरवतो. नवखे दिसलात तर स्वतःच विचारेल, "तिखट चालतंय न्हवं?" खरं ते सांगा. "मध्यम द्या" म्हणण्यात कमीपणा नाही, गावातली माणसंही म्हणतात.

सोबत ब्रेडच्या स्लाईस येतात. रस्सा म्हणजे कट. तो वेगळ्या वाटीत मागा आणि थोडा थोडा ओता. सगळा एकदम ओतलात की फरसाण मऊ पडतं, मग कुरकुरीतपणा गेला. कट बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतो, जादा फरसाणाचे मात्र पैसे पडतात. दही घेतलंत तर मिसळीवर न ओतता मधे मधे चमचाभर खा.

मोठ्या नावांच्या मागे किती दिवस लागायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. रोजच्यासाठी मी तुमच्या गल्लीच्या टोकाला जी गाडी असेल ती सुचवेन. तिथं पंधरवड्यात तुमचं तिखट किती ते मामांच्या लक्षात राहतं. मिसळ नको त्या दिवशी कटवडा आहे, पोहे आहेत आणि लोण्याचा गोळा टाकलेला दावणगिरी डोसा जागोजागी मिळतो.

७. तांबडा-पांढरा: आधी अळणी, शेवटी भात

ओपल, परख, देहाती, पद्मा गेस्ट हाऊस ही गावातली जुनीजाणती नावं. थाळी मागवली की ताट एकदम भरून येतं आणि नवा माणूस थेट तांबड्यात भाकरी बुडवतो. मग पुढच्या कशाचीच चव लागत नाही.

हे दोन्ही रस्से एकाच पातेल्यातून निघतात. मटण आधी आलं, लसूण, हळद आणि मीठ घालून शिजवतात. त्याचं पाणी म्हणजे अळणी. त्यात नारळाचं दूध, खसखस, तीळ किंवा काजूचं वाटण गेलं की पांढरा. कांदा-लसूण चटणी आणि भाजलेल्या मसाल्याची फोडणी बसली की तांबडा. मटणाचे तुकडे बहुतेक सुक्या मटणाच्या वाटीत असतात. म्हणून क्रम असा ठेवा: अळणी मिळालं तर ते आधी प्या. मग पांढऱ्याचे दोन घोट वाटीनंच. भाकरी सुक्याबरोबर, तांबडा तोंडी लावत. जीभ पेटली की पाणी पिऊ नका, पांढरा प्या. तो त्यासाठीच शेजारी ठेवलेला असतो. शेवटी भात आणि त्यावर पांढरा किंवा दोन्ही मिसळून. रस्सा बहुतेक थाळ्यांत हवा तेवढा वाढतात, पण मागण्याआधी विचारून घ्या.

दोन खबरदाऱ्या. पांढऱ्यात मैद्याची किंवा कॉर्नफ्लोअरची घट्टाई लागली तर ते ठिकाण सोडा. खरा पांढरा पातळ असतो. आणि तांबडा नुसताच जाळणारा असेल तर तो चांगला नाही. भाजलेल्या खोबऱ्याची, लसणाची चव तिखटाच्या आधी लागली पाहिजे.

चार-पाच मित्र असाल तर आणखी एक सोय आहे. काही घरगुती ठिकाणी मटण आपण आणून द्यायचं, त्या मावशी करून देतात. किलोमागे करणावळ ठरलेली असते. आदल्या दिवशी सांगावं लागतं आणि मटण सकाळी लवकर पोचवावं लागतं. चवीत हॉटेल याच्या जवळपास येत नाही.

८. दूध आणि रंकाळा

गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी तिथंच बांधलेल्या, गिऱ्हाईक समोर उभं आणि धार थेट भांड्यात. फेसानं ग्लास भरला की तालमीतली पोरं उभ्या उभ्या पितात. नव्या पोटाला कच्चं धारोष्ण दूध झेपेलच असं नाही, म्हणून ती किटली आणायला सांगितली. घरी न्या, उकळा, सकाळी सायीचा थर बघा. फेस बसू द्या आणि मगच माप बघा, हे सगळे जुने गिऱ्हाईक करतात. त्यात कुणी रागवत नाही.

संध्याकाळी रंकाळा तलावावर भेळ, भजी, कणसं. खासबागेची राजाभाऊ भेळही संध्याकाळचीच. जेवणानंतर कुणी "चल, कॉकटेल खाऊया" म्हणालं तर दचकू नका. इथं कॉकटेल म्हणजे फळं घातलेलं आईस्क्रीम. सोळंकींचं नाव त्यात पहिलं घेतात.

९. बाजार

भाजी कपिलतीर्थ मंडईत, धान्य आणि कडधान्य लक्ष्मीपुरीत. गूळ थंडीत घ्या, गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा. फार पिवळाधमक, चकचकीत गूळ बघून भुलू नका. जरा काळपट, चिकट असलेला चवीला उजवा असतो. चप्पल लाईनमध्ये चप्पल घ्यायची तर पावसाळा संपल्यावर. अस्सल चामड्याची चप्पल पहिले काही दिवस चावते, तेल लावून पायात मुरवावी लागते, आणि भिजली की वाया जाते.

१०. गल्लीत राहताना

पेठेत खोली घेतलीत तर तालीम मंडळाशी दोस्ती ठेवा. गाडी कुठं लावायची, पाणी का आलं नाही, पुरात सामान कुणी वर चढवायचं, हे सगळं तिथूनच सुटतं. गणपतीची, शिवजयंतीची वर्गणी झेपेल तेवढी द्या. नाही जमलं तर तोंडावर तसं सांगा, पळवाट काढू नका.

फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा संघांपैकी तुमची गल्ली कुणाची हे आधी माहीत करून घ्या. मोठ्या सामन्याच्या संध्याकाळी त्या बाजूनं रिक्षा मिळत नाही. नवरात्रात महाद्वार रोडकडं दुचाकीही नेऊ नका.

आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी बायका पंचगंगेचं नवं पाणी वाजतगाजत त्र्यंबोली देवीला नेतात. त्या दिवसांत गल्लीची यात्रा असते आणि शेजारून जेवायचं बोलावणं येतं. जा. मोकळ्या हातानं गेलात तरी चालतं, पण गेल्याशिवाय राहू नका. न जाणाऱ्याला पुढच्या वर्षी कुणी बोलावत नाही.

११. वर्षाची चटणी

खोलीवर स्वयंपाक करणार असाल तर एप्रिल-मेमध्ये कांदा-लसूण चटणी करून ठेवा. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. किती कशाची हे शेजारच्या काकूंना विचारा, प्रत्येक घराचं माप वेगळं. धने, तीळ, सुकं खोबरं, खडा मसाला भाजून न्यायचं, कांदा-लसूण तळून न्यायचा. डंकावर (मिरची-मसाला कुटून देणाऱ्या यंत्रावर) मिरची आधी कुटतात, मग मसाला, मग कांदा-लसूण घालून पुन्हा एकदा. तिथं नाकातोंडाला रुमाल बांधूनच उभं राहा आणि आपली चटणी पूर्ण कुटून होईपर्यंत जागचं हलू नका, गर्दीत पिशव्या बदलतात. थोडी करायची असेल तर दोघी-तिघींनी मिळून न्या, डंकवाले अगदी किलोभरासाठी खळखळ करतात. मेच्या शेवटच्या आठवड्यात नंबर लागता लागत नाही. वळवाचे दोन पाऊस झाले की मिरची सादळते, मग चटणी टिकत नाही. तेव्हा अक्षय तृतीयेच्या आसपास मिरची आणून देठं काढा आणि गच्चीवर दोन-तीन कडक उन्हं द्या.